उपवास: कोण कोणाजवळ राहतं?

प्रश्न असा आला आहे: 'लेंटला मराठीत उपवासकाळ म्हणावं का? आणि देवावर धीर ठेवा, हे बरोबर आहे का?'

दुसऱ्याचं आधी, कारण लेंटमध्ये, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या ख्रिस्ती उपासाच्या काळात, ते सारखं कानावर आदळतं. देवावर भरवसा ठेवतात, भार टाकतात. धीर ठेवत नाहीत. धीर धरतात. तो सुटतो, खचतो, आणि कुणीतरी देतं. मराठी बायबलातलं तेविसावं स्तोत्र काढून पाहा: 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.' देणारा मेंढपाळ, धरणारे आपण. इतकं नेमकं क्रियापद हाताशी असताना ते मोडायचं कशाला?

आता उपवास. 'उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं, म्हणून देवाजवळ राहणं' असं प्रवचनकार सांगतात. फोड बरोबर, पण कर्ता उलटा! शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी सांगणाऱ्या वैदिक ग्रंथाच्या अगदी आरंभी पाहा. यजमान उद्या यज्ञ करणार हे देवांना कळतं आणि ते आदल्या दिवशीच त्याच्या घरी येऊन राहतात, म्हणून त्या दिवसाला 'उपवसथ' म्हणायचं. माणसं पाहुणी आली तरी त्यांच्याआधी जेवणं शोभत नाही, मग देवांच्या आधी कसं जेवायचं? म्हणून अन्न वर्ज्य. बौद्धांचा व्रताचा दिवस 'उपोसथ', तोही हाच शब्द. म्हणजे उपवासात माणूस देवाकडे जात नाही, देवच मुक्कामाला आलेला असतो. कोशात नुसतं 'निराहार' लिहिलं की ही सगळी ओटीवरची गडबड हरवते.

माझी आई राखेच्या बुधवारी एकदाच जेवायची, तेही संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर. आम्ही भाकरीला हात लावला की म्हणायची, 'थांब, आधी देवाचं होऊ दे.' तिनं शतपथाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

'हा यज्ञातला शब्द, ख्रिस्ती माणसानं लेंटच म्हणावं' असं बजावणारेही आहेत. त्यांना ठामपणे सांगतो: लेंट हा जुन्या इंग्रजीतला वसंत ऋतूचा शब्द, दिवस लांबू लागतात त्यावरून पडलेला. त्यात ना प्रार्थना, ना संयम. चर्चचं लॅटिन नाव चाळिसाव्या दिवसावरून आहे. तेच पोर्तुगीजांबरोबर येऊन गोव्याच्या कोंकणीत 'करेज्म' झालं. उपवासात मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला दिलेलं नाव इम्मानुएल, म्हणजे 'आम्हांबरोबर देव', आधीच येऊन बसलेलं आहे.

तेव्हा खुशाल उपवासकाळ म्हणा. फक्त उपास 'पकडू' नका, धरा.