टीआर6 ला मेकॅनिकल इंजेक्शन: आधी टाकीकडून सुरुवात करा

तुमची ट्रायम्फ टीआर6, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1970 ची, अमेरिकेतून आलेली, दोन स्ट्रॉम्बर्ग कार्ब्युरेटरवाली. तिला लुकासचं मेकॅनिकल इंजेक्शन बसवावं का आणि नागपूरच्या उन्हात ते चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. बसतं आणि चालतंही. मात्र अर्धवट करणार असाल तर हात लावू नका.

मी इथे डिझेल पंप-नोझलचं काम करतो आणि पेट्रोलची ही जुनी सिस्टीम मला मनापासून आवडते. ट्रायम्फने 1967 साली टीआर5 ला ती दिली तेव्हा 150 हॉर्सपॉवरचा दावा होता. अमेरिकेसाठी त्याच गाडीवर स्ट्रॉम्बर्ग लावून टीआर250 केली, तिची ताकद 104 च्या आसपास. हा सगळा फरक इंजेक्शनचा नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) वेगळा होता, कॉम्प्रेशन रेशो 9.5 होता. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन त्याहून कमी आहे. नुसतं इंजेक्शन लावलंत तर थ्रॉटलला प्रतिसाद छान मिळेल, पण 150 विसरा.

प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल मोजून देणारं मीटरिंग युनिट मात्र बघण्यासारखं आहे. आत एक पोकळ रोटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्यात एक छोटं शटल मोकळं असतं. एका बाजूने पेट्रोलचं प्रेशर आलं की शटल सरकतं आणि पुढचं पेट्रोल एका इंजेक्टरकडे ढकलतं. रोटर आणखी फिरला की दुसऱ्या बाजूने तेच. शटल किती सरकेल तेवढं पेट्रोल, आणि ते अंतर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम ठरवतो. म्हणूनच थ्रॉटलचे स्पिंडल (झडपेच्या दांड्या) झिजून हवा ओढत असतील तर व्हॅक्यूम पडतो, युनिटला वाटतं गाडीवर लोड आलाय आणि ते जास्त पेट्रोल सोडतं. लोक युनिटला दोष देतात, दुखणं स्पिंडलमध्ये असतं. कॅम बदलला की व्हॅक्यूमही बदलतो, म्हणून युनिट ज्या कॅमसाठी सेट केलेलं आहे तोच कॅम इंजिनात हवा. शिवाय युनिटला ड्राइव्ह डिस्ट्रिब्युटरच्या पेडेस्टलमधून मिळतो, तेही इंजेक्शनवाल्या इंजिनाचं लागेल.

आता ऊन. कार्ब्युरेटरला चौरस सेंटिमीटरला पाव किलो प्रेशरही पुरतं, इथे सात किलोच्या वर लागतं. डिकीतला मूळचा लुकास पंप वायपरच्या मोटरवर बेतलेला होता. तो गरम होतो, टाकी रिकामी होत आली की वाफ धरतो आणि गाडी मिसिंग मारू लागते. हे इंग्लंडच्या उन्हाळ्यातही व्हायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. म्हणून आधुनिक रोलर पंप लावा, टाकीच्या तळाच्या खाली, एक्झॉस्टपासून लांब. पंपाच्या आधी मोठा फिल्टर हवा. टाकीकडे परत जाणारा पाइप मोकळा ठेवा, कारण फिरत राहिलेलं पेट्रोलच पंप थंड ठेवतं. अर्ध्या टाकीच्या खाली उन्हाळ्यात जाऊच नका.

दुसरी गोष्ट ई20. वीस टक्के इथेनॉल म्हटल्यावर तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल लागतं, आणि पेट्रोलच्या जुन्या सेटिंगवर इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतं. लीन, उन्हाळा आणि फुल लोड एकत्र आले की पिस्टन जातो. एक्झॉस्टला मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून फुल थ्रॉटलला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; 1 म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) 0.87 च्या आसपास येईल असं युनिट सेट करून घ्या. जुन्या ओ-रिंगा इथेनॉलमध्ये फुगतात, सगळ्या व्हायटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) टाका. होजपाइपही त्याच दर्जाचे हवेत, यात पैसे वाचवू नका. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. सात किलोच्या लाइनला लीक झाली तर पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर उडेल. धडक बसताच पंप बंद करणारा इनर्शिया स्विच लावाच.

युनिट विकत घेण्याआधी ते टेस्ट बेंचवर फिरवून सहाही लाइनींतून मोजनळ्यांत किती पेट्रोल पडतं ते बघा. एक नळी मागे राहत असेल तर युनिट घेऊ नका. विकणारा बेंचवर लावू देत नसेल तरी घेऊ नका.

माझा सल्ला क्रमाचा आहे: आधी टाकी, पंप, लाइनी. मग कॉम्प्रेशनसाठी हेड, आणि कॅम. युनिट सगळ्यात शेवटी. तोवर गाडी स्ट्रॉम्बर्गवरच चालवा; प्रेशर रेग्युलेटरने कमी केलं तर नवी लाइनही त्यांना चालते. चाचणी एप्रिल-मेमध्ये भर दुपारी घ्या: वर्धा रोडवर तासभर पळवा, मग थेट सीताबर्डीच्या गर्दीत आणून इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्ट करा. गरम इंजिन एका सेल्फमध्ये उठलं तर पंप बरोबर जागी बसलाय.