आकाशाचं विचारा: टेलिस्कोप राहू दे, आधी बायनॉक्युलर घ्या

प्रश्न: मुलगा नववीत आहे, टेलिस्कोपसाठी हट्ट धरून बसलाय. आठ हजारांपर्यंत खर्च करू शकतो. ऑनलाइन "५२५ पट मोठं दिसेल" असं लिहिलेले टेलिस्कोप या किमतीत मिळतायत. घेऊ का? (एक आई, तासगाव)

उत्तर: नका घेऊ ताई. खोक्यावर ५२५ छापायला पैसे पडत नाहीत. ६० मिलिमीटरच्या भिंगाला फार तर १२० पट झेपतं, त्याच्यापुढे चित्र नुसतं मोठं आणि धूसर होत जातं, आणि या किमतीत स्टँड इतका लटपटीत येतो की फोकसला हात लावला की चंद्र नाचायला लागतो. पोरगं चार रात्री खटपट करतं, पाचव्या रात्री वैतागतं, आणि मग ते धूड माळ्यावर जातं.

त्याच पैशात १० बाय ५० ची साधी बायनॉक्युलर येते, ती घ्या. १० म्हणजे दहा पट जवळ दिसणार, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. रात्रीच्या कामाला हा ५० चा आकडाच महत्त्वाचा, कारण उजेड गोळा करायचं काम त्या भिंगाचं. झूमवाली अजिबात नको, दुकानदार कितीही गोड बोलला तरी नको. आणि हिच्यात एका वेळी साधारण साडेसहा अंशांचं आकाश दिसतं, म्हणजे पौर्णिमेचे तेरा चंद्र ओळीने मावतील एवढं, त्यामुळे नवशिक्याला शोधताना हरवायला होत नाही.

दिसतं काय म्हणाल तर थंडीत कृत्तिकेपासून सुरुवात करा, नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात तिथे बायनॉक्युलरमधून डझनांनी दिसतात, पोरगं ओरडेलच. मग मृग नक्षत्रातला बाण, त्या तीन ताऱ्यांच्या खाली अजून एक लहानशी अंधुक ओळ आहे, तिच्या मधोमध धुरकट ठिपका दिसेल तो तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर, तिथे आत्ता नवे तारे जन्माला येतायत. पण मुलाला आधीच सांगून ठेवा की फोटोतला गुलाबी-जांभळा रंग दिसणार नाही, करडाच दिसेल. हे न सांगितल्यामुळे बरीच मुलं नाराज होतात आणि त्यांची चूक नसते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये देवयानी दीर्घिकाही (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) बघा, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या इंग्रजी डब्ल्यूचं जे टोक जास्त अणकुचीदार आहे ते तिच्याकडेच बोट दाखवतं. लांबट पुसट डाग, बस्स. तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. (ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आकाशात जवळजवळच राहतात, कसं जमवतात त्यांचं तेच जाणोत.)

प्रश्न: आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, गच्चीवरून दहा-वीस तारे दिसतात. जास्त महागडी दुर्बीण घेतली तर फरक पडेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: चंद्र, गुरू, ताऱ्यांच्या जोड्या यात पडेल थोडा. पण दीर्घिका नि तेजोमेघ यांच्यात नाही, कारण भिंग मोठं केलं की शहराचा उजेडही तेवढाच जास्त गोळा होतो, काळं आकाश विकत मिळत नाही. वीस हजार दुर्बिणीत घालण्यापेक्षा पाचशेचं पेट्रोल घाला असं माझं स्पष्ट मत आहे.

पण जाताना दिशेचा विचार करा, लोक नेमका हाच करत नाहीत. आपल्याकडून दिसणाऱ्या भारी गोष्टी बऱ्याचशा दक्षिणेला आहेत, वृश्चिकाच्या नांगीजवळचे तारकागुच्छ, धनु राशीतली आकाशगंगा वगैरे, तेव्हा शहराच्या दक्षिणेला जा म्हणजे शहराची लाली पाठीमागे उत्तरेला राहते. पुणेकरांना भोरची बाजू बरी, फक्त समोर डोंगर आडवा येणार नाही अशी जागा बघा. मुंबईची मंडळी वर्षानुवर्षं वांगणी-नेरळकडे जातात. नागपूरकरांची तर मजाच आहे, पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, त्यांच्यासोबत जा.

अमावास्येच्या आसपास जा हे वेगळं सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी कोजागिरीला दुर्बीण घेऊन निघतंच. (चंद्रच बघायचा असला तरी पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा बरा, सावल्या पडतात म्हणून विवरं उठून दिसतात.) पोचल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस-तीस मिनिटं मोबाईल खिशात ठेवा, नकाशा बघायचाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळा. अंधुक गोष्टीकडे थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवली की ती जास्त स्पष्ट दिसते, खोटं वाटेल पण करून बघा.

आणि एप्रिल-मेमध्ये गेलात तर ओमेगा सेंटॉरी चुकवू नका प्लीज. चित्रा तारा बरोब्बर दक्षिणेला आला की हात लांब करून मूठ धरा, चित्रापासून साडेतीन मुठी सरळ खाली उतरा, तिथे कापसाचा गोळा दिसेल. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा गोलाकार गुच्छ आहे तो, अंदाजे एक कोटी तारे. पुण्याहून तो क्षितिजाच्या वर जेमतेम २४ अंश येतो, पण लंडनवाल्यांना तर तो कधी उगवतच नाही. एप्रिलच्या मध्यात रात्री साडेबाराच्या सुमारास, मेच्या पहिल्या आठवड्यात साडेअकराच्या आत-बाहेर. मेअखेरीस ढग यायला लागतात, तेवढं थांबू नका.

प्रश्न: वय ६२, चष्मा आहे. मित्र म्हणतो ७ बाय ५० घे, जास्त उजेड येतो. आणि १० पटीत हात थरथरतात त्याचं काय? (एक वाचक, कराड)

उत्तर: काका, मित्राचं म्हणणं विशीतल्या माणसाला लागू. ५० ला ७ ने भागलं की सात येतात, म्हणजे डोळ्यापाशी सात मिलिमीटर रुंदीचा झोत येतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात तेवढी उघडते, साठीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते, मग बाकीचा उजेड वाया. १० बाय ५० किंवा ८ बाय ४० घ्या, दोन्हीत झोत पाचचाच आणि ८ वाली हलकी. घेताना आयरिलीफ (म्हणजे डोळा भिंगापासून जेवढा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटरच्या वर आहे ना बघा, नाहीतर चष्मा लावून कडा कापल्या जातात. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस जमतो, सिलिंडरचा असेल तर ठेवा. थरथरीवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आरामखुर्ची, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवायची, मानही दुखत नाही. नाहीतर ट्रायपॉडवर लावायचा छोटा अँगल मिळतो.

प्रश्न: दापोलीला असतो. मागच्या वर्षी घेतलेल्या दुर्बिणीच्या भिंगात आतून जाळी धरलीय. पुसू कशी? (एक वाचक, दापोली)

उत्तर: ती बुरशी आहे, आतून आहे, तुम्ही पुसू नका. दुरुस्त करणाऱ्याला द्या, आणि घरी स्क्रू उघडू नका, एकदा प्रिझम हललं की एका ताऱ्याचे दोन दिसतात. पुढची दुर्बीण चामडी केसमध्ये कपाटात ठेवायची नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायची. निळ्या दाण्यांच्या घ्या, गुलाबी झाले की तापवून परत वापरता येतात. कोकणात जून ते सप्टेंबर तसंही आकाश दिसत नाही, तेव्हा डबा बंदच राहू द्या.

प्रश्न: बायनॉक्युलरमधून शनीची कडी दिसतात का? आणि सूर्यावरचे डाग? (दोन भाऊ, लातूर)

उत्तर: कडी नाही, १० पटीत शनी जरा लांबट वाटला तर वाटेल. गुरूचे चार चंद्र मात्र दिसतात, भिंतीला टेकून हात स्थिर करा, ओळीत ठिपके दिसतील, दुसऱ्या दिवशी बघाल तर जागा बदललेल्या असतील.

सूर्याकडे बायनॉक्युलर रोखायचीच नाही, क्षणभरसुद्धा नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं तर त्याहून वाईट, गोळा झालेल्या उन्हाने तो चष्माच जळतो. सौर फिल्टर लावायचा तो पुढच्या दोन्ही मोठ्या भिंगांवर, पक्का बसवून, आणि घरात मोठं माणूस असतानाच.