केंद्र तुमचे, पण रस्ता गावाचा

प्रश्न : दोन एकरांत कृषी पर्यटन केंद्र सुरू केले आहे. खोल्या आणि वाटेसाठी ग्रामपंचायतीकडून पैसे मिळतील का? सरपंच म्हणतात, पर्यटनाला निधीच नाही.

उत्तर : सरपंचांचे म्हणणे अर्धे खरे आहे. 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी 29 विषयांची यादी दिली, तीत पर्यटन नाही. त्या नावाने अर्ज केलात तर तो अडणारच. पण रस्ते, पिण्याचे पाणी, स्वच्छता, बाजार व जत्रा हे सगळे त्याच यादीत आहे, आणि गावात येणाऱ्या पाहुण्याला आधी हेच लागते. म्हणून पर्यटन मागू नका, रस्ता मागा.

खोल्यांचे आधी सांगतो. तुमच्या मालकीच्या बांधकामावर पंचायतीचा पैसा पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो सगळ्या गावाचा पैसा आहे. खोल्यांसाठी बँकेकडे जा, पण त्याआधी पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करून घ्या. राज्याच्या 2020च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्यासाठी किमान 1 एकराची अट आहे, तुम्ही तीत बसता.

वाटेचे वेगळे. ती पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जाऊन स्वतः पाहा. शेजाऱ्यांच्या बांधावरून जाणारी नुसती वहिवाट असेल, तर आधी त्या सगळ्यांची लेखी संमती मिळवावी लागेल. कितीतरी चांगली कामे इथेच अडतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. कारण बहुतेक वेळा शेजाऱ्याला कुणी नीट विचारलेलेच नसते.

आता पैसा कुठला, ते पाहू. सरकारी पैशाची वाटणी सुचवणाऱ्या 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी पंचायतींच्या अनुदानाचे दोन भाग केले : 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा असतो. सार्वजनिक शौचालय, कचरा व्यवस्थापन, पाणीपुरवठा ही कामे त्यात येतात. अबंधित भाग गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. पगार आणि आस्थापनेवर, म्हणजे कार्यालय चालवण्याच्या खर्चावर, मात्र नाही. वाटेची दुरुस्ती, पथदिवे या भागातून मागा.

पण काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर यातला रुपयाही मिळत नाही. शेतकरी बंधू मार्च महिन्यात अर्ज घेऊन येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. तिथे उभे राहून बोला आणि ठरावात वाटेचे नाव व लांबी लिहून घ्या. त्याआधीच्या महिला सभेत घरातल्या बायकांनीही विषय मांडावा. पाण्याची आणि शौचालयाची अडचण त्या जास्त नेमकी सांगतात.

प्रश्न : पाहुणे वाढले, कचराही वाढला. गावकरी नाराज आहेत. काय करावे?

उत्तर : त्यांची नाराजी रास्त आहे. तुमची कमाई आणि त्यांचा त्रास, असे चालणार नाही. 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली पंचायतीला यात्रेकरूंवर, तसेच जत्रा, उत्सव व करमणुकीवर कर बसवता येतो. तुमच्या केंद्राला यातले काय लागू होते ते गटविकास अधिकाऱ्यांकडून समजून घ्या. साताऱ्याजवळच्या कास पठारावर गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वन विभागाबरोबर पर्यटकांकडून शुल्क घेतात. पंचायतीची स्वतःची वसुली ग्रामनिधीत, म्हणजे तिच्या खात्यात, आली तर ती खर्च करण्याची मोकळीक अनुदानापेक्षा जास्त असते. तुम्हीही नव्या खोल्यांची कर आकारणी, म्हणजे नमुना 8ची नोंद, स्वतःहून करून घ्या. घरपट्टी थकवून ग्रामसभेत रस्ता मागणाऱ्याचे कोण ऐकेल?

प्रश्न : गावाजवळ धबधबा आहे. त्याचा काही उपयोग?

उत्तर : मोठा उपयोग आहे. ग्रामसभेचा ठराव करून ‘क’ वर्ग, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या, पर्यटनस्थळाचा प्रस्ताव पाठवा. त्याला मान्यता जिल्हा नियोजन समिती देते. दर्जा मिळाला की जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मागता येतो. प्रस्तावात पहिली मागणी काठाच्या कठड्याची आणि धोक्याच्या फलकांची ठेवा, वाहनतळ नंतर.