मोबाइलच्या जमान्यात हातानं लिहिलेल्या पत्राला काही किंमत राहिली आहे का? आजोळी पत्र पाठवायचं तर कागद-पेन कोणतं घ्यावं?

कागद-पेनाचं शेवटी बघू. शाईचा वास, कागदाचा स्पर्श असलं जे लोक लिहितात ना, त्यातल्या निम्म्यांनी दहावीच्या पेपरातलं पत्र सोडून दुसरं पत्र लिहिलेलं नसणार.

मी लिहिलीत. स्वतःची कमी, दुसऱ्यांची जास्त. सोलापुरात पूर्व भागात आम्ही भाड्यानं राहायचो, आजूबाजूला सगळी पद्मशाली घरं, घरात तेलुगू अन् बाहेर मराठी. शेजारच्या अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला कापलेल्या पानांचा ढीग, तोंड पण चालू अन् हात पण चालू. नवरा भिवंडीला लूमवर. अक्कांना अक्षरओळख नव्हती पण भिवंडीचा पिन ४२१३०२ असा धाडधाड म्हणायच्या. मी सातवीत, अक्षर बरं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी निळं आंतर्देशीय पत्र घेऊन त्या आमच्या दारात. एका पत्राला एक शेंगाचा लाडू, असा रेट होता.

तर त्या वर्षी शाळेत पत्रलेखन शिकवत होते. मायना, स.न.वि.वि., कळावे लोभ असावा, सगळं डोक्यात ताजं. ऑगस्टमध्ये अक्का आल्या, अंगात ताप, पंधरा दिवस झाले रोजच्या हजार विड्यांच्या जागी चारशे पण होत नव्हत्या. म्हणाल्या, लिही, ताप आहे, पैसे संपले, पोरगं शाळेला जाईना, आत्ताच्या आत्ता या, नाहीतर मी पोराला घेऊन तिकडं येते.

मला ते पत्रासारखं वाटेचना. असं कुठं लिहितात का, म्हणून मी लिहिलं, "इकडील सर्व क्षेम. माझी प्रकृती जरा नरम होती, परंतु आता ठीक आहे. आपण काळजी करू नये. सवडीने यावे." आणि वाचून दाखवताना मात्र कागदाकडं बघत त्यांचीच वाक्यं म्हटली. त्या खूश. मी लाडू खाल्ला.

पंधरा-वीस दिवसांनी मनीऑर्डर आली. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, पोस्टमननी दारातच वाचलं, "तब्येत ठीक आहे समजून बरं वाटलं. गड्ड्याला येतो." गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीला असते. म्हणजे जानेवारी! अक्का काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. बोलायचं काम आईनं केलं, लाटणं घेऊन.

दुसऱ्या दिवशी नवं आंतर्देशीय. यावेळी दादाला शेजारी बसवलं, मी लिहायचं अन् वाचून त्यानं दाखवायचं. शब्दाला शब्द. शेवटी अक्का म्हणाल्या आता हे मराठीत नको, माझं मी सांगते तसं लिही, "एप्पुडु वस्तारु?" म्हणजे कधी येताय. ते मी मराठी अक्षरात लिहिलं, तीन वेळा, कारण त्यांनी तीन वेळा सांगितलं. नवरा आठ दिवसांत हजर.

मागच्या वर्षी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, अक्कांच्या पोराकडं गेलो होतो. अक्का नाहीत आता, नवराही नाही. पोरानं ट्रंक उघडली, बापानं सगळी पत्रं दोऱ्यात बांधून ठेवलेली, त्यात ही दोन्ही. पहिलं काय सुंदर, समास सोडलेला, एक खाडाखोड नाही. दुसरं गिचमिड, पावसात शाई फुटलेली. पोरगा विचारतो, "भाऊ, आई ठीक होती म्हणून लिहिलंय, मग पंधरा-वीस दिवसांत एवढं काय झालं?" सांगितलं त्याला सगळं. तो खूप हसला. मला नाही हसू आलं.

तर किंमत म्हणाल तर ही आहे, ते राहतं. खोटं लिहिलं तर ते पण राहतं. व्हॉट्सॲपवर डिलीट फॉर एव्हरीवन करता येतं, त्या ट्रंकेतलं मला काय डिलीट करता येणार?

दादाचं म्हणणं वेगळं. "व्हॉइस नोट असती तर अक्कांना तुझी गरजच नव्हती बे, उगं पत्राचं कौतुक सांगू नको." अक्कांपुरतं हे खरंय, मान्य. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी फोनच भारी, कुणा पोराच्या हातात आपलं दुखणं द्यावं लागत नाही. पण दादा ह्याच वाक्याच्या मागं लपतो. आईचे कान गेलेत, व्हिडिओ कॉलवर ती नुसती हो हो करते, अन् फोन ठेवला की मला विचारते, काय म्हणाला रे? डोळे मात्र शाबूत, पेपर वाचते, भेळेचा कागद पण वाचते. तीन वर्षं सांगतोय त्याला, महिन्याला एक पोस्टकार्ड टाक, पन्नास पैसे, मोठ्या अक्षरात चार ओळी. म्हणतो पोस्टात जायला वेळ कुणाला आहे. पुण्यात राहून रांगेत उभं राहून बाकरवडी घ्यायला वेळ आहे.

हां, तुमचा प्रश्न. साधं बॉलपेन घ्या, फाउंटन पेनाची शाई पावसात फुटते, वर सांगितलंच. पोस्टातलं आंतर्देशीय घ्या, अडीच रुपये, फक्त आत काही घालू नका, फोटो बिटो पाठवायचा तर पाकीट घ्या. पिन नीट लिहा. बोलता तसं लिहा, मायन्याच्या नादी लागू नका. साधी टपाल कधीकधी पोचत नाही हे पण खरंय, आणि रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात घातलंय, तेव्हा महत्त्वाचं काही असेल तर स्पीड पोस्ट करा नाहीतर सरळ फोन. आजोळी कुणाला नीट दिसत नसेल तर पत्र पाठवू नका, वाचणारा माझ्यासारखा निघाला तर अवघड.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर, मागच्या गड्ड्याला आलतास तेव्हा तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात दहा पोस्टकार्डं ठेवलीत मी. पत्ता पण घालून दिलाय.