भिंतीपाशी उभा असलेला तो माणूस

प्रश्न : ब्रिटिश काळातल्या उत्खननांच्या फोटोंत भिंतीला टेकून एखादा मजूर एकटाच ताठ उभा दिसतो. फोटोओळीत त्याच्याबद्दल अवाक्षर नसतं. तो तिथे कशासाठी उभा असायचा?

उत्तर : मोजपट्टी म्हणून! भिंत किती उंच, हे लंडनमधल्या वाचकाला कळायला हवं होतं. मोजकाठी प्रत्येक वेळी हाताशी नसायची, माणूस मात्र असायचाच. माझी सगळी नोकरी संग्रहालयात काचेच्या निगेटिव्ह पुसण्यात आणि नोंदवण्यात गेली. ‘मंदिराचं दार, दक्षिण बाजू’ असं मी लिहायचो. दारातल्या माणसाची नोंद मीही कधी केली नाही. वहीत तसा रकानाच नव्हता.

तो इतका ताठ का, याचं एक कारण तांत्रिक आहे. 1850-60च्या सुमारास काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून, ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. प्रकाश पडू द्यायला कित्येक सेकंद जात. माणूस हलला की काचेवर नुसता धुरकट डाग. पुढे 1880च्या आसपास कोरड्या काचा रुळल्या, चांगल्या उन्हात काम क्षणात होऊ लागलं, तरी हा गडी आपला खांबासारखा उभाच! इथे मात्र रसायनशास्त्राला दोष देता येत नाही.

आणि मजुराचं नाव न नोंदवण्याचा हा दोष फक्त गोऱ्यांचा, असंही मी म्हणणार नाही. मोहेंजोदडोच्या नकाशात ‘डीके’, ‘व्हीएस’, ‘एचआर’ असे विभाग आहेत. दीक्षित, वत्स आणि हारग्रीव्ह्ज या उत्खनन अधिकाऱ्यांच्या आडनावांतली ती इंग्रजी अक्षरं. काशिनाथ दीक्षित म्हणजे आपला मराठी माणूस, पुढे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. नकाशावर नाव चढायला गोरं असावं लागत नव्हतं, साहेब असावं लागत होतं.

इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने तिच्यावरच्या पुस्तकात आपल्या मुकादमांचे नावं घेऊन आभार मानले. त्या उत्खननाचा छायाचित्रकार हॅरी बर्टन याच्या फोटोंत कामगारही भरपूर आहेत. पण कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं, ते फोटोंवर लिहिलेलं नाही.

आता पुन्हा असा फोटो हाती आला, तर त्या माणसाच्या पायाखालची जमीन बघा. बहुतेकदा लख्ख झाडलेली असते. घमेली, कुदळी कुठेच नाहीत. कॅमेरा लागण्याआधी ती मजुरांनीच उचललेली असतात.