केमोतलं ‘नॅनो’ इंजेक्शन म्हणजे प्रयोग आहे का?

खानापूरहून विचारलंय: मावशीला बेळगावात केमोसाठी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन लिहून दिलंय, हा नवा प्रयोग तर नाही ना?

नाही हो. अमेरिकेत त्याला १९९५ मध्येच मान्यता मिळाली. औषध जुनंच, फक्त सुमारे १०० नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या, चरबीच्या पिशव्यांत भरलेलं. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथून त्या आत झिरपतात; हृदयाला होणारा त्रास कमी होतो. पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटू शकतात. बंबातल्या कढत पाण्यापासून मावशींना जपायला सांगा, तळवे असे सोलवटले तर डॉक्टरांना लगेच कळवा.

बाकी ‘नॅनो’चं एवढं अप्रूप नको. मेडिकलमधल्या प्रेग्नन्सी किटवरची लाल रेघ बऱ्याचदा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. इतकं बारीक झालं की सोनं पिवळं राहतच नाही!