अमेरिकेत अल्ट्रालाइट उडवण्यास परवाना लागतो का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. तेथे एक जुने, एकआसनी अल्ट्रालाइट (अगदी हलके, छोटे विमान) विकत घेण्याचा त्याचा विचार आहे. त्यासाठी परवाना लागत नाही आणि प्रशिक्षणही लागत नाही, असे विक्रेता सांगतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कायद्यापुरते खरे आहे, पण ते यंत्र अल्ट्रालाइटच्या व्याख्येत बसत असेल तरच. तेथील विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, १९८२ पासून लागू असलेल्या ‘भाग १०३’ या नियमांनुसार असे इंजिनचे यंत्र एकआसनी, केवळ हौसेसाठी वापरले जाणारे आणि रिकामे असताना २५४ पौंडांपेक्षा (सुमारे ११५ किलो) कमी वजनाचे असावे लागते. टाकीत पाच गॅलनपेक्षा (सुमारे १९ लिटर) जास्त इंधन मावता कामा नये आणि सरळ उड्डाणातील कमाल वेग ५५ नॉटच्या (ताशी सुमारे १०२ किमी), तर इंजिन बंद असतानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख यंत्राला पेलू शकत नाहीत तो वेग, २४ नॉटच्या (ताशी सुमारे ४४ किमी) वर जाता कामा नये. जुन्या यंत्रांची गोची नेमकी इथे होते. आधीच्या मालकाने थोरले इंजिन किंवा मोठी टाकी बसवलेली असली, की यंत्र मर्यादेबाहेर जाते, आणि अधिकाऱ्यांनी विचारल्यास पुरावा द्यावा लागतो तो उडवणाऱ्याला, विक्रेत्याला नव्हे. म्हणून पैसे देण्यापूर्वी यंत्र काट्यावर चढवून घ्यावे.

प्रशिक्षणाची सक्ती नाही, हे मात्र मला धोक्याचे वाटते. आसन एकच असल्याने पहिलेच उड्डाण एकट्याने करावे लागते, शेजारी सावरणारा कोणी नसतो. शिवाय यंत्र हलके आणि हवेचा रोध मोठा, त्यामुळे चढताना इंजिन बंद पडले तर वेग क्षणार्धात ओसरतो आणि नाक तत्काळ खाली घातले नाही तर यंत्र स्टॉल होते. ही सवय वाचून लागत नाही. तेव्हा मुलाने आधी तशाच हलक्या दोनआसनी विमानात अधिकृत प्रशिक्षकाबरोबर शिकावे.

दोनआसनी विमान स्वतः चालवायचे असल्यास किमान स्पोर्ट पायलट प्रमाणपत्र (हलकी विमाने हौसेने उडवण्याचा परवाना) लागते : वय १७ पूर्ण, किमान २० तासांचे उड्डाण (१५ प्रशिक्षकाबरोबर, ५ एकट्याने), लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा. मुलगा अमेरिकेचा नागरिक नसेल, तर या प्रशिक्षणाआधी टीएसएची, म्हणजे तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, सुरक्षा तपासणीही होते.

परवाना नसला तरी अल्ट्रालाइट दाट वस्तीवरून किंवा जमावावरून नेता येत नाही, आणि वर्दळीच्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरण्यापूर्वी हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी घ्यावी लागते.